पावसाची ‘मागील बाकी’

पावसाळ्यात महाड आणि पोलादपूर तालुक्यांत सकाळी एक प्रश्न ठरलेला असतो, ‘काल किती पडला?’ एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, शाळेच्या व्हरांड्यात त्याचे उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते. शंभर म्हटले की माना हलतात, वीस म्हटले की लोक निर्धास्त होतात. प्रश्न बरोबरच आहे, पण अर्धा आहे. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला त्याच्या जोडीने दुसरा प्रश्न विचारावा लागतो. आतापर्यंत किती साठला?

या दुसऱ्या प्रश्नाचे मोल या भागाने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १६ वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगराचा कडा आला आणि ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या, आणि महाड शहर सावित्रीच्या पुराने बुडाले. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर तीच वेळ आली.

दरड कोसळायला शेवटच्या काही तासांचा जोरदार पाऊस निमित्त ठरतो हे खरे. पण त्याआधी कित्येक दिवस डोंगर पाणी पीत असतो. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर झिजून तयार झालेल्या माती-मुरुमाचा थर असतो. तो उतारावर टिकतो कणाकणांमधल्या घर्षणामुळे. पाणी मुरत गेले की कणांमधल्या पोकळ्या भरतात, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, घर्षण कमी होते आणि थराचे वजनही वाढते. अशा भिजून गच्च झालेल्या उतारावर शंभर मिमी पाऊस पडणे आणि कोरड्या उतारावर तेवढाच पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्जन्यमापकात मात्र दोन्हींचा आकडा एकच दिसतो.

दुकानदाराची वही आणि संगणक

हा फरक आकड्यांत पकडायची युक्ती जुनीच आहे. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत ती रोज वापरली जाते. आजच्या खरेदीत ‘मागील बाकी’ मिळवायची आणि नवी बाकी लिहायची. बँकेच्या पासबुकातला शेवटचा रकाना म्हणजे हेच. त्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्यात त्याच्या वरचे सगळे आकडे सामावलेले असतात. याला चढती बेरीज म्हणता येईल. इंग्रजीतला ‘रनिंग टोटल’ हा शब्द हिशेबनिसांना परिचयाचा आहे.

संगणकाच्या भाषांमध्ये हे काम इतके नेहमीचे आहे, की त्यासाठी तयार आज्ञा असतात. ‘पायथॉन’ ही आज शाळा-कॉलेजांत शिकवली जाणारी भाषा. तिच्याबरोबर आपोआप मिळणाऱ्या ‘इटरटूल्स’ नावाच्या हत्यारांच्या पेटीत ‘अॅक्युम्युलेट’ नावाचे एक साधन आहे. २०११ पासून ते तिथे आहे. त्याला रोजच्या पावसाची यादी दिली की ते चढत्या बेरजांची यादी परत देते. हवामानाचे अभ्यासक वापरतात त्या ‘नमपाय’मध्ये हेच काम ‘कमसम’ करते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात सात दिवसांत ४०, ६५, ३०, ९०, १२०, ८० आणि ११० मिमी पाऊस पडला. चढती बेरीज होईल ४०, १०५, १३५, २२५, ३४५, ४२५ आणि ५३५. शेजारच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या गावात आठवडाभर जेमतेम शिंतोडे पडले, ०, ५, ०, १०, ०, ०, आणि सातव्या दिवशी एकदम ११०. तिथली बेरीज होते १२५. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे ‘जोरदार’ पाऊस. त्या हिशेबाने सातव्या दिवशी दोन्ही गावांत सारखाच ‘जोरदार’ पाऊस झाला. पण पहिल्या गावाच्या डोंगराने आठवड्यात चौपटीहून अधिक पाणी झेलले आहे.

हे पाणी किती, याचा अंदाज एका गुंठ्यावरून घेता येतो. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे १०० मिमी पावसात एका गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर रिता होतो. पहिल्या गावात आठवड्यात गुंठ्यागणिक पाचहून अधिक टँकर ओतले गेले. त्यातले बरेचसे ओढ्याने वाहून जाते, पण मुरते तेही थोडे नसते.

किती आले, किती गेले

इथे एक अडचण येते. साधी चढती बेरीज फक्त वाढते, ती कधी कमी होत नाही. आठवडाभर ऊन पडले तरी ५३५ चा आकडा ५३५ च राहतो. प्रत्यक्षात डोंगर निचरत असतो, झऱ्यांवाटे पाणी बाहेर पडत असते, झाडे ते ओढून घेत असतात. पासबुकात नुसत्या जमा नोंदी लिहिल्या आणि खर्च लिहिलाच नाही, तर शिल्लक खोटी दिसेल. तसेच हे आहे.

हा पेच डॉक्टरांना चांगला ठाऊक असतो. रुग्णाच्या शरीरातही काही ना काही जात असते आणि काही ना काही बाहेर पडत असते. म्हणून वैद्यकात बेरजेच्या तीन पद्धती वापरल्या जातात.

पहिली, जन्मभराची बेरीज. कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयावर होणारा दुष्परिणाम एकूण मात्रेनुसार वाढत जातो. म्हणून प्रत्येक डोस आधीच्या सर्व डोसांत मिळवून ठेवतात आणि साधारणपणे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे बेरीज जाऊ देत नाहीत. पाच वर्षांपूर्वी घेतलेला डोसही त्यात धरावा लागतो. इथे ‘जुने झाले, सोडून द्या’ चालत नाही.

दुसरी, ठरावीक काळापुरती बेरीज. तापावरचे पॅरासिटॅमॉल काही तासांत शरीराबाहेर पडते. त्यामुळे मागच्या महिन्यात किती गोळ्या खाल्ल्या याला फारसा अर्थ नाही, पण गेल्या २४ तासांत किती खाल्ल्या याला फार अर्थ आहे. निरोगी प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे. वेगवेगळ्या नावांच्या सर्दी-तापाच्या गोळ्यांत तेच औषध असते. प्रत्येक गोळी एकटी निरुपद्रवी वाटते, बेरीज केली तर यकृताला धोका पोचवणारी निघते.

तिसरी, आवक आणि निचरा दोन्ही धरून केलेली बेरीज. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाच्या खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो. त्यात सलाइन, पाणी, चहा किती गेला आणि लघवी किती झाली हे परिचारिका दर पाळीला लिहितात. एका पाळीत अर्धा लिटर जास्त राहिले तर कुणाला काही वाटत नाही. पण तीन पाळ्यांचे दीड लिटर होते आणि तीन दिवसांचे साडेचार लिटर. घाम आणि श्वासावाटे गेलेले पाणी त्यातून वजा केले तरी दोन लिटरच्या आसपास उरते. चौथ्या दिवशी रुग्णाला धाप लागते. त्या दिवशी तक्त्यात विशेष काहीच घडलेले नसते. जे घडायचे ते आधीच्या नऊ पाळ्यांमध्ये घडून गेलेले असते.

डोंगराचा हिशेब या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

दहावा हिस्सा सोडून

जलशास्त्रज्ञांनी यासाठी एक सोपी पद्धत फार पूर्वीच शोधून ठेवली आहे. कालच्या शिल्लकेतला एक ठरावीक हिस्सा रोज निचरला असे धरायचे आणि उरलेल्यात आजचा पाऊस मिळवायचा. जमीन मुरमाड असेल तर निचरा जास्त, चिकण असेल तर कमी. समजा रोज दहावा हिस्सा निचरतो. मग पहिल्या गावाच्या सात दिवसांची शिल्लक, पूर्णांकात, अशी होईल: ४०, १०१, १२१, १९९, २९९, ३४९, ४२४. साधी बेरीज ५३५ होती, ही त्याहून कमी आहे, पण डोंगराच्या पोटातल्या ओलीशी जास्त इमान राखणारी आहे.

आता पाऊस थांबला असे धरू. आठव्या दिवशी शून्य, नवव्या दिवशी शून्य. छान ऊन पडले, लोक कपडे वाळत घालू लागले, पाहुण्यांकडे गेलेली म्हातारी माणसे घरी परतली. या दोन दिवसांची शिल्लक आहे ३८२ आणि ३४४. म्हणजे दोन दिवस पूर्ण उघडीप मिळूनही डोंगर जवळजवळ तितकाच भरलेला आहे, जितका सहाव्या दिवशी मुसळधार पावसात होता. दहाव्या दिवशी ८० मिमी पाऊस झाला तर? शिल्लक पुन्हा ३८९. ‘ऐंशीच तर पडला’ असे म्हणणाऱ्याला हा आकडा दिसत नाही.

‘अॅक्युम्युलेट’ या साधनाची खरी खुबी इथे कामी येते. त्याला नुसती बेरीजच करता येते असे नाही. मागची शिल्लक आणि आजचा आकडा यांचे काय करायचे, हा नियम आपण ठरवून देऊ शकतो. ‘शिल्लकेचे नऊ-दशांश अधिक आजचा पाऊस’ असा नियम दिला की वरची यादी तयार. ‘दोघांतला मोठा तो ठेव’ असे सांगितले तर आजवरच्या सर्वांत मोठ्या पावसाची नोंद मिळत जाते. आणि प्रत्येक पायरीला फक्त दोनच आकडे लागतात, मागची शिल्लक आणि आजची भर. त्यामुळे जे काम हा प्रोग्रॅम करतो, तेच पाचवीतले मूल वही-पेन्सिल घेऊन करू शकते.

ठरावीक दिवसांच्या बेरजेसाठीही चढती बेरीज उपयोगी पडते. शेवटच्या तीन दिवसांत किती पडला हे हवे असेल, तर सातव्या दिवसाच्या ५३५ मधून चौथ्या दिवसाचे २२५ वजा करायचे. उत्तर ३१०. १२०, ८० आणि ११० पुन्हा मिळवत बसायला नको. पुराचा अंदाज घ्यायला अशी थोड्या काळाची बेरीज जास्त कामाची असते, कारण नदी डोंगरापेक्षा लवकर भरते आणि लवकर उतरते. महाडच्या बाबतीत मात्र बेरीज महाडपुरती ठेवून भागत नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपुरातून महाडला येते. २२-२३ जुलै २०२१ च्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. ते पाणी खाली येणारच होते.

कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

चढत्या बेरजेचा एक दोषही लक्षात ठेवायला हवा. एका दिवसाची चूक पुढच्या सगळ्या दिवसांत उतरते. उधारीच्या वहीत एक ओळ चुकली की खालचा सगळा हिशेब चुकतो, तसे.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे न घेतलेली नोंद. रात्री वीज गेली, रस्ता बंद झाला, पर्जन्यमापक वाहून गेले, आणि त्या दिवसाची जागा कोरी राहिली. बऱ्याचशा हिशेबाच्या तक्त्यांत कोरी जागा शून्य धरली जाते. म्हणजे ज्या रात्री सर्वाधिक पाऊस झाला, नेमकी तीच रात्र बेरजेत ‘कोरडी’ ठरते. नमपायचे ‘कमसम’ या बाबतीत कडक आहे. ‘आकडा नाही’ अशी खूण केलेली एक जरी नोंद मध्ये आली, तर तिथून पुढची सगळी उत्तरे ते ‘आकडा नाही’ अशीच देते. हे गैरसोयीचे वाटते, पण प्रामाणिक आहे. रुग्णाच्या तक्त्यातही हाच नियम हवा. लघवी मोजली नाही आणि लघवी झाली नाही, या दोन नोंदींत जीवन-मरणाचे अंतर असू शकते.

दुसरी गोष्ट दिवसाच्या सीमेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मध्यरात्री सुरू होऊन दुपारी ओसरलेला पाऊस त्यामुळे दोन दिवसांत विभागला जातो आणि दोन्ही आकडे मध्यम दिसतात. चढती बेरीज लिहीत गेले की ही फाळणी आपोआप भरून निघते.

तिसरी गोष्ट ठिकाणाची. घाटमाथा, घाटाचा पायथा आणि शहर यांच्या पावसात मोठा फरक पडतो. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. तरी एका मंडळात अनेक गावे आणि वाड्या येतात. वाडीचा स्वतःचा पर्जन्यमापक असेल तर तो त्या वाडीच्या डोंगराविषयी सर्वांत खरे बोलतो.

शरीराचीही मागील बाकी

पूर ओसरल्यावर हाच धडा दवाखान्यात पुन्हा गिरवावा लागतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमा-भेगांतून शरीरात शिरतात. ताप लगेच येत नाही. सहसा ५ ते १४ दिवस जातात, कधी महिनाही लागतो. तोवर पाणी ओसरलेले असते, घर धुऊन झालेले असते आणि रुग्ण डॉक्टरांना सांगतो, ‘काल तर मी कुठेच गेलो नाही.’ कालचा दिवस विचारून उपयोग नसतो, मागचा महिना विचारावा लागतो. भातलावणी, पुरातून चालणे, गाळ उपसणे, गोठा साफ करणे, यांतले काहीही झाले असेल तर ते न विचारता सांगावे. जोराचा ताप, डोकेदुखी, विशेषतः पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे किंवा डोळे पिवळे दिसणे, अशा लक्षणांत दुखण्यावरची गोळी घेऊन घरी थांबू नये. सुरुवातीला दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसांवर येतो. पुराच्या पाण्यात बराच वेळ काढलेल्यांनी प्रतिबंधक औषधाविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

साथीच्या आकड्यांतही चढती बेरीज जपून वाचावी लागते. करोनाच्या काळात ‘एकूण रुग्ण’ हा आकडा रोज वाढताना सर्वांनी पाहिला. तो कमी होणे शक्यच नव्हते, कारण त्यात निचरा नव्हता. साथ वाढते आहे की ओसरते आहे हे त्या आकड्याच्या आकारावरून कळत नाही. तो आज कालच्यापेक्षा किती वेगाने वाढला यावरून कळते.

तीन रकान्यांची वही

महाड-पोलादपूरच्या वाड्यांना यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सपाट तळाचे, सरळ उभ्या भिंतीचे भांडे, घर आणि झाडांपासून दूर मोकळ्यावर ठेवलेले. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपट्टीने पाण्याची उंची मिमीमध्ये मोजायची आणि भांडे रिकामे करायचे. वहीत तीन रकाने, तारीख, आजचा पाऊस आणि शिल्लक. शिल्लक काढताना मागच्या शिल्लकेचा दहावा हिस्सा कमी करायचा आणि आजचा पाऊस मिळवायचा. मोजणी हुकली तर शून्य न लिहिता ‘मोजला नाही’ असे लिहायचे आणि त्या दिवसापासूनची शिल्लक खरी शिल्लक याहून जास्त असू शकते हे ध्यानात ठेवायचे.

ही वही दरडीची तारीख सांगणार नाही. कोणत्या उताराला किती शिल्लक झेपते हा आकडा प्रत्येक डोंगराचा वेगळा असतो, आणि दहावा हिस्साही एक ढोबळ धरलेला आकडा आहे. पण चार-पाच पावसाळ्यांची वही गावात असेल, तर ‘यंदाची शिल्लक आजवरच्या सर्व वर्षांहून वर गेली आहे’ एवढे तरी गावाला ठामपणे म्हणता येईल, आणि भूवैज्ञानिकांना अभ्यासासाठी त्या गावाचे स्वतःचे आकडे मिळतील.

शिल्लक कमी असली तरी काही खुणांकडे दुर्लक्ष करायचे नाही. जमिनीला किंवा भिंतींना नव्या भेगा, वाकलेली झाडे आणि विजेचे खांब, कधी नव्हता तिथे फुटलेला झरा, नेहमीच्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, डोंगरातून गडगड ऐकू येणे. यांतले काही दिसले तर सामान आवरत न बसता माणसे आणि जनावरे घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला व्हावे, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे, जखमींसाठी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. प्रशासनाने घर सोडायला सांगितले असेल तर उघडीप पाहून परत फिरू नये. परतण्यापूर्वी शिल्लक किती उतरली ते पाहावे आणि प्रशासनाला विचारावे.

कारण उघडीप पडली की आजचा रकाना शून्य होतो. डोंगर हिशेब ठेवतो तो शेवटच्या रकान्याचा.